उजव्या चाकाखालचं लिंबू

दोन हजार तेवीस साल. आमचे साडू तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. मी छातीठोक सांगतो, साक्षात विष्णू भगवान गरुडावर बसून तीर्थपुरीच्या बाजारतळावर उतरले असते, तर या माणसानं पाया पडायच्या आधी गरुडाभोवती एक चक्कर मारली असती, पंखाखाली वाकून पाहिलं असतं आणि विचारलं असतं, "देवा, याची थर्ड पार्टी कधी संपती?" माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी विनाकारण मारलं, मी घरी आलो तो परत गेलो नाही. मास्तर स्वतः बोलवायला आले तरी गेलो नाही. त्यामुळं मी बोलतो तसंच लिहितो, ज्याला हे चालत नसेल त्यानं पान उलटावं. पण जालन्याच्या एमआयडीसीतून बियाण्याची पोती भरून मी उभी हयात टेम्पो चालवला, गावोगावची माणसं पाहिली. आमच्या साडूंसारखा दुसरा माणूस मला दिसला नाही, आणि एका परीनं ते बरंच झालं, कारण दोघं एका ठिकाणी आले असते तर जिल्ह्यातली वाहतूक बंद पडली असती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे मालक. धंदा गाड्यांचा विमा काढायचा. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकल, काळीपिवळी, जे रस्त्यावर चालतं ते सगळं त्यांच्या डोक्यात बसलेलं. माणसांची नावं मात्र त्यांना कधीच आठवायची नाहीत. सख्ख्या पुतण्याला ते "लाल ट्रॅक्टर" म्हणून हाक मारायचे आणि तोही निमूट "ओ" द्यायचा. अंगात कायम राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री. छत्री पावसासाठी नाही. गाडीखाली काही ठिबकतंय का ते छत्रीच्या टोकानं मातीत रेघ मारून पाहायचे. माझ्या थोरल्या पोरीच्या लग्नात नवरदेवाची गाडी फुलांनी मढवून वेशीत आली. बँड वाजतोय, बायका आरत्या घेऊन उभ्या, आणि आमच्या साडूंनी काचेवरची फुलं बाजूला सारून विम्याची मुदत वाचली. संपलेली होती. त्यांनी हात वर करून बँड थांबवला आणि दार उघडून म्हणाले, "जावईबापू, मुहूर्त हुकला तर दुसरा निघंल. ही गाडी बिगर विम्याची हाय. उतरा खाली." माझे व्याही लालबुंद झाले. शेवटी नवरदेव माझ्या बियाण्याच्या टेम्पोत उभा राहून मांडवात आला, कारण अख्ख्या वऱ्हाडात फक्त माझ्याच टेम्पोचा विमा चालू होता. जावई अजून मला त्यावरून बोलतो. मी त्याला सांगतो, तू सुखरूप पोचलास ना?

सिनेमाला त्यांना नेणं म्हणजे डोक्याला ताप. पडद्यावर हिरोनं चांगली मोटार दरीत ढकलली की हे खुर्चीवरून उठून उभे: "आरं, आता क्लेम कोन दील याला?" मागचे लोक ओरडायचे, "खाली बसा काका!" आणि हे मागं वळून त्यांनाच विचारायचे, "तुमी काय घिऊन आल्ता? स्कूटर? कागद हायत?" मोबाईल त्यांनी वापरला तो फक्त बोलण्यापुरता. लोक मोबाईलवर विमा काढायला लागले तेव्हा ते फार हळहळले. म्हणायचे, "साडूभाऊ, ज्या कागदाची घडी घालून खिशात ठिवता येत न्हाई, त्याला कागद म्हनायचं कसं?" मला ते पटायचं. अजून पटतं.

आता चिंचेखालचा कायदा सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तीर्थपुरीच्या बाजारतळाला एक जुनी चिंच आहे, तिच्याखाली विम्याच्या एजंटांची टेबलं. तिथं फार वर्षांपासून एक रीत चालत आली. नवी गाडी आली की एजंटानं तिच्यापुढं नारळ फोडायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं. मालकानं गाडी पुढं घ्यायची, लिंबू फुटायचं. ज्याचं लिंबू फुटलं त्याची ती गाडी. तिचा विमा दरसाल त्यानंच काढायचा, गाडी भंगारात जाईपर्यंत. दुसऱ्या एजंटानं त्या गाडीच्या आरशात तोंडसुद्धा पाहायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण या कायद्यानं चिंचेखाली कधी भांडण होऊ दिलं नाही. लिहिलेल्या कायद्यांबद्दल असं कुणी सांगून दाखवावं.

चिंचेखाली शेवटी दोनच टेबलं उरली होती. एक साडूंचं आणि दुसरं अंबडहून आलेल्या एका तरण्या एजंटाचं. हा कायम डोळ्याला काळा गॉगल लावायचा, म्हणून साडू त्याला "गॉगल" म्हणायचे. तो त्यांना "काका" म्हणायचा. गॉगलकडं लॅपटॉप, मोबाईल, सगळं. साडूंकडं छत्री. लोक आता शोरूममध्येच विमा काढून यायचे, नारळाला गाडीच शिल्लक राहायची नाही. त्या फेब्रुवारीत कंपनीच्या साहेबानं साडूंना जालन्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, की मार्चअखेर एक तरी नवी गाडी आणा, नाहीतर तुमची एजन्सी बंद. साडू तिथून थेट माझ्या घरी आले. पाणी प्यायले. म्हणाले, "साडूभाऊ, एजन्सी गेली तर मी सकाळी उठून जायाचं कुटं?" त्यांना पैशाची ददात नव्हती, पोरगा पुण्याला नोकरीत होता. पण उजाडल्यावर सफारी घालून चिंचेखाली बसायचं, एवढंच ज्या माणसाला येतं, त्याला त्याचं टेबल उचल म्हटल्यावर काय वाटत असेल? मी म्हटलं, "येईल की एखादी गाडी. उगं जिवाला लावून घिऊ नका." बोललो खरा, पण गाडी कुठून येणार होती?

आणि गाडी आली. आली ती थेट जर्मनीहून.

बाजाराचा दिवस होता. एक वाळूच्या रंगाचा अगडबंब ट्रक, त्याच्या पाठीवर घर बांधलेलं, घराला खिडक्या, खिडकीला पडदे, असा तो शहागडच्या बाजूनं आला. नाक्यावरच्या हवालदारानं अडवला. आत साठीची एक उंच गोरी बाई, एकटीच. वर्षभर हिंदुस्थानात फिरत होती, हिंदी मोडकंतोडकं बोलायची. तिचे कागद पाहिले तर विमा दोनच दिवसांपूर्वी संपलेला. हवालदार भला माणूस, तिला चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, बीमा निकालो, फिर जाव. तब तक गाडी हिलाने का नहीं." ट्रक बाजारतळावर उभा राहिला.

साडू तेव्हा माझ्याशी बोलत बसले होते. त्यांनी ट्रक पाहिला, आणि चौसष्टाव्या वर्षी तो माणूस असा पळाला की पायातली एक चप्पल टेबलाजवळच राहिली. शेजारच्या दुकानातून नारळ उचलला, लिंबू उचललं. तिकडून गॉगलही नारळ घेऊन पळत आला. दोघं ट्रकच्या नाकापुढं समोरासमोर. साडूंचा नारळ आधी फुटला, हे मी डोळ्यानं पाहिलं, आणि गॉगल म्हणतो त्याचा आधी फुटला, तर ते खोटं आहे. मग साडूंनी झपाट्यानं उजव्या पुढच्या चाकाखाली लिंबू सारलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गॉगलनं शांतपणे ट्रकला वळसा घातला आणि डाव्या पुढच्या चाकाखाली आपलं लिंबू ठेवलं.

"आरं येड्या," साडू म्हणाले, "क्लीनरच्या बाजूला काय ठिवतो?"

"काका, वर बघा. स्टेरिंग डाव्या अंगाला हाय. तुमी ठिवलं तीच क्लीनरची बाजू."

साडूंनी वर पाहिलं. स्टेअरिंग खरंच डावीकडं होतं. दुसरा कुणी असता तर तिथंच खजील झाला असता. साडू म्हणाले, "स्टेरिंग कुटंबी आसू दे. गाडी हिंदुस्थानात आली की ड्रायव्हरची बाजू उजवी. मुलूख ज्याचा, बाजू त्याची." जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॉगल म्हणाला, "मंग स्टेरिंग फिरवायला तुमचा मुलूख बसनार का तिथं?" त्यालाही टाळ्या. बाई वरून खिडकीतून पाहत होती. तिला वाटलं हे स्वागत चाललंय, तिनं दोघांनाही हात जोडले.

आणि इथून असा गुंता झाला की माझी चौथी त्याला पुरी पडेना. लिंबू फुटल्याशिवाय गाडी कुणाची ते ठरत नाही. गाडी हलल्याशिवाय लिंबू फुटत नाही. विमा असल्याशिवाय हवालदार गाडी हलवू देत नाही. आणि गाडी कुणाची ते ठरल्याशिवाय चिंचेखाली विमा निघत नाही. बाईला कुणी सांगितलं असतं की जालन्याला जा, तर तिथूनही विमा आणता आला असता, पण त्या दिवशी बाजारतळावर हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. सगळे लिंबाकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून साडू टेबल सोडून उजव्या चाकाशी छत्री उघडून बसायला लागले, आणि गॉगल डाव्या चाकाशी. मधी ट्रक, त्यामुळं एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, फक्त आवाज. "काका, चा घेता का?" "तुज्या हातचा न्हाई." "मंग बिस्कुट?" "कोन्तं हाय?" मार्चचं ऊन, वरून पिकल्या चिंचा टपाटप पडायच्या, आणि दोन्ही लिंबं वाळत चालली होती. एका सकाळी साडूंना वाटलं, गॉगलचं लिंबू जरा जास्तच टवटवीत दिसतंय. त्यांनी बोंब मारली, "लिंबू बदललं! रातून बदललं!" गॉगलनं उलट सांगितलं की साडू आपल्या लिंबावर पाणी शिंपडतात. हवालदाराला रीतसर बोलावलं. तो वैतागून म्हणाला, "हे बगा, मला चोरीचं बगायचं, दारूचं बगायचं, का लिंबाचं?" पण बाचाबाची नको म्हणून दोन शहाण्या माणसांना साक्षीला घेऊन त्यानं दोन्ही लिंबं पाहिली. एक पिवळं, एक हिरवट, दोन्ही जागेवर. साक्षीदारांत मी होतो. दुपारी एक शेळी आली, तिनं साडूंच्या लिंबाला तोंड लावलं आणि तशीच मान झटकत निघून गेली. साडू अभिमानानं म्हणाले, "कडक माल हाय."

बाईला मात्र कसलीच जल्दी नव्हती. माझी मेहुणी, म्हणजे साडूंच्या घरची, फार मायाळू. तिनं पहिल्याच दिवशी बाईला घरी नेलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. ठेचा खाऊन बाईच्या डोळ्यातून पाणी आलं, तिनं आणखी मागितला. रोज जेवायला यायची, उरलेला वेळ ट्रकच्या पायरीवर बसून काहीतरी विणायची. मी एकदा विचारलं, "मॅडम, आप गुस्सा नहीं?" ती म्हणाली, "क्यों? दो आदमी मेरा गाडी के लिए झगडा करता. मेरे देश में कोई नहीं करता." मला ती बाई आवडली. ती माझ्यासारखीच थोडी हट्टी होती.

हे प्रकरण वर्तमानपत्रात छापून आलं आणि मुंबईपर्यंत गेलं. मुंबईहून टाय लावलेला एक साहेब मोटारीतून उतरला. त्याच्या कंपनीचं म्हणणं असं, की परदेशातून आलेल्या गाड्यांचा विमा जुळवून द्यायचा हक्क फक्त त्यांचा, गावोगावच्या एजंटांनी त्यात हात घालायचा नाही. त्यानं साडूंना आणि गॉगलला वकिलाच्या नोटिसा दिल्या. साडूंनी नोटीस घेतली, घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "तुमचं लिंबू कुटंय?"

"कसलं लिंबू?"

"मंग बाजूला व्हा. सावली आडवू नका."

साहेबानं कपाळाला हात लावला. पण त्या नोटिशीनं एक झालं. दोन्ही चाकांच्या मधून, ट्रकच्या पोटाखालून, गॉगल पहिल्यांदा साडूंच्या बाजूला सरपटत आला. म्हणाला, "काका, आपलं आपन नंतर बगू. आधी ह्याला काडू." दोघांनी मिळून एकच वकील केला, जो दोघांचाही वकील होता आणि दोघांच्याही विरुद्ध होता. प्रकरण तालुक्याच्या लोकअदालतीत लागलं, जिथं तडजोडीनं भांडणं मिटवतात.

मी गेल्तो. आमच्या आधी एक बांधाचं भांडण मिटलं, एक नवराबायकोचं मिटलं. मग आमचा पुकारा झाला. न्यायाधीश एक बाईसाहेब होत्या, चष्मेवाल्या, शांत. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत वाचलं. मुंबईचा वकील उठला, इंग्रजी मराठी मिसळून पुष्कळ बोलला. बाईसाहेबांनी त्याला विचारलं, "या मॅडमनी तुमच्या कंपनीशी काही करार केलाय?"

"त्यांनी नाही, पण त्यांच्यासारखे इतर बरेच परदेशी—"

"इतर इथं आलेत का?"

"नाही."

"मग बसा."

साडूंनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मग बाईसाहेब आमच्या वकिलाकडं वळल्या. वकिलानं चिंचेखालची रीत सांगितली, नारळ सांगितला, उजवं चाक सांगितलं, आणि मग खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला सरकून डावं चाकही तितक्याच जोरात सांगितलं. सगळी अदालत हसत होती. बाईसाहेबही हसल्या असतील, पण त्यांनी तोंडावर कागद धरला होता. मग म्हणाल्या, "तुमची रीत चांगली आहे. तिनं भांडणं टाळली असतील. पण कायद्यानं ती कुणावर लादता येत नाही. ज्याच्याकडं परवाना आहे असा कुठलाही एजंट या गाडीचा विमा काढू शकतो. कुणाकडून काढायचा ते गाडीची मालकीण ठरवील. मॅडम, आपको कौन चाहिए?"

बाईनं जराही विचार केला नाही. साडूंकडं बोट केलं. "ये भाऊ. इसकी वाइफ का रोटी बहुत अच्छा."

मी उठूनच उभा राहिलो. जिंकलो! गॉगलचं तोंड उतरलं. आता साडूंनी नुसती मान हलवायची होती. मार्च संपायला अजून दिवस होते, नवी गाडी मिळाली होती, एजन्सी वाचली होती. आणि हा माणूस मान हलवायच्या ऐवजी उभा राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, मला मॅडमला एक विचारायचंय. धंद्याचं."

"विचारा."

साडू बाईकडं वळले. "मॅडम, आपन डावे बाजू बैठते. हमारा रस्ता उल्टा. सामने का गाडी दिखता नहीं. वव्हरटेक कैसा करते?"

कोर्टात बसलेल्या कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्या यायला पाहिजे होतं, मी ड्रायव्हर. बाईनं हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. म्हणाली, "पहले भी इंडिया आए थे, तब मेरा पति बैठता था. राइट साइड. वो देखता था, बोलता था, आओ, आओ, अभी नहीं, अब आओ. मैं चलाती थी, वो देखता था. दो साल पहले वो नहीं रहा." विणकाम परत उचलून म्हणाली, "अब मैं ओव्हरटेक नहीं करती. सबके पीछे पीछे जाती."

साडू बाईसाहेबांकडं वळले. मी त्यांना इतकं हळू बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. "बाईसाहेब, तुमी निकाल बराबर दिला. पर माजं लिंबू चुकलं. मी म्हनत होतो हिंदुस्थानात ड्रायव्हर उजवीकडं. तिथं तर हिचा मालक बसायचा. गाडी हाकनारी डावीकडंच हाय. डावं लिंबू याचं हाय," त्यांनी गॉगलकडं न पाहता हात केला. "चिंचंखाली गाडी त्याची झाली. पॉलिशी तो काडील."

"अहो, पण मॅडमनी तुम्हाला निवडलंय," बाईसाहेब म्हणाल्या. "कायद्यानं तुमचा हक्क आहे."

"हाय ना. कायदा तुमचा झाला. मी तिकडं बसतो."

मी त्यांच्या सफारीची बाही धरून ओढली. "आवो साडूभाऊ, काय बोलून राह्यले? एजन्सी!" त्यांनी माझा हात हलकेच सोडवला. गॉगल उठला, "काका, घ्या ना तुमी, मी सोडतो," असं पुटपुटला. साडू त्याच्यावर खेकसले, "गप बस! रीत काय भाजी हाय का, आर्दी तुला आर्दी मला?" बाईसाहेबांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि बाईला हिंदीत समजावून विचारलं. बाईनं साडूंकडं पाहून मान डोलावली. तिला काय कळलं ते तिलाच माहीत, पण सगळं कळल्यासारखी डोलावली. तडजोड झाली.

दुपारी गॉगलनं मोबाईलवर विमा काढला, हवालदारानं पाहिला. मेहुणीनं बाईला भाकरी बांधून दिल्या, ठेच्याची बरणी दिली, खणाचं कापड दिलं. बाई वर चढली आणि ट्रक पुढं घेतला. दोन्ही लिंबं एकदमच फुटली. फुटणारच, पुढं दोन्हीकडं चाकं असतात. इतके दिवस बाजारतळावर भांडलेल्या एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. साडू नाक्यापर्यंत ट्रकच्या उजव्या अंगानं चालत गेले, मोकळा रस्ता दिसला की छत्री हलवून ओरडत होते, "आवो, आवो, आब आवो!" नाक्यावर ती वळली, दिसेनाशी झाली.

संध्याकाळभर मी त्यांच्याशी भांडलो. जे तोंडाला आलं ते बोललो. कोर्टात जिंकलेली गाडी कुणी सोडतं का, तुमच्या चिंचेला कोण विचारतं, एकतीस मार्चनंतर कुठं बसणार, सगळं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. मधूनच म्हणाले, "आवाज हळू, साडूभाऊ. तुमची बीपीची गोळी झाली का?" मी न जेवता घरी आलो. मी रागावलो की न जेवता येतो, ती माझी सवय आहे आणि ती मोडणार नाही.

मार्च संपला. कंपनीनं एजन्सी बंद केल्याचं कळवलं. ते कळलं त्या दिवशी साडूंनी टेबल चिंचेखालून उचलून घरी नेलं, मेहुणीनं त्यावर धान्याचे डबे ठेवले. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. माझ्या बायकोनं सांगितलं, "उद्या जाऊन या त्यांच्याकडं, तुमीच मोठे हायत." मी म्हटलं, "जाईन." पण माझं तोंड तसं सहज वळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर दारात स्कूटरचा हॉर्न वाजला. पाहतो तर साडू. तीच राखाडी सफारी, कडक इस्त्रीची. स्कूटर गॉगल चालवत होता आणि हे मागं बसले होते. खाली उतरले, माझ्या टेम्पोला एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिलं, आणि गॉगलला म्हणाले, "हे आमचे साडू. मानूस तापट हाय, पर गाडी चांगली ठिवतो. याची पोळ्याच्या आधी संपती. याला आठ दिस आधी सांगायचं, त्याच दिवशी सांगितलं तर भांडतो. ध्यानात ठिव." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साडूभाऊ, आता ह्याच्याकडं बरं का. चला, जल्दी. अजून पिंपरखेड, अंतरवाली, सगळे ट्रॅक्टर राह्यलेत." आणि माझ्या तोंडाला साबण तसाच असताना ते परत मागं बसले, गॉगलच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.